घुमटाची शेवटची दांडी बसत नाही: पाइप आणि थ्रीडी प्रिंट सांध्यांच्या सांगाड्याचं समस्या निवारण

गणपतीच्या मखरासाठी, कॉलेजच्या फेस्टसाठी किंवा प्रदर्शनातल्या मांडणीसाठी हल्ली सांगाडा संगणकावर बेतला जातो. प्रत्येक बिंदूसाठी वेगळा सांधा प्रिंट होतो, पाइप कापून येतात आणि जोडणी बरीच पुढे जाईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग शेवटच्या दोन-चार दांड्या अडतात. कुठे दहा मिमी कमी पडते, कुठे पंधरा मिमी जास्त होते. जोर लावला की पलीकडचा भलताच सांधा मुळाशी तुटतो.

एक गोष्ट आधीच पक्की करा: अडलेली दांडी कापू नका. बाकी प्रत्येक दांडीचं एक टोक जोडताना मोकळं होतं, त्यामुळे तिची चूक पुढे सरकत गेली. शेवटच्या दांडीची दोन्ही टोकं आधीच ठरलेली असतात, म्हणून सगळ्यांची मिळून झालेली चूक तिथे दिसते. ती दांडी कापली तर चूक तशीच राहते आणि सांगाडा कायमचा पिळलेला राहतो.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील: दीड मीटर त्रिज्येचा अर्धगोल जिओडेसिक घुमट, विसाफलकाची (वीस सारख्या त्रिकोणांच्या घनाकृतीची) प्रत्येक कड दोन भागांत तोडून केलेला. वीजवाले वापरतात तो २० मिमीचा पीव्हीसी कंड्युट पाइप आणि प्रिंट केलेले सांधे. वेगळा आकार असेल तर आकडे बदलतील, तपासण्यांचा क्रम तोच राहील.

लक्षणं

सांगाडा मोडण्याआधी काय दिसतंय ते लिहून काढा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. चूक कुठे दिसते यावरून ती कुठून आली हे बरंचसं कळतं.

- एकाच ठिकाणी मोठी फट, बाकी सगळं नीट: दांड्यांची अदलाबदल झाली आहे, किंवा सांधा चुकीच्या बाजूला फिरवून बसवला आहे.
- फट सगळीकडे थोडीथोडी, वर जाताना वाढत जाते: कापाची लांबी, किंवा पाइप सॉकेटच्या (सांध्यातल्या पाइप बसायच्या खोबणीच्या) तळापर्यंत न जाणं.
- मोजमापं बरोबर, तरी दांडी आत शिरतच नाही: जोडणीचा क्रम चुकला आहे. हे फार वेळा होतं आणि फार कमी वेळा ओळखलं जातं.
- सगळं जुळलं, पण एखादा सांधा बोटाने दाबला तरी आत जातो: सॉकेट सैल आहेत.
- सगळं जुळलं, पण पाया उचलला की डुलतो: हा भूमितीचाच गुण आहे, त्याबद्दल पुढे.
- रात्री उभा केलेला सांगाडा दुसऱ्या दिवशी दुपारी कलला: सांध्याचं प्लास्टिक उन्हाने मऊ पडलं.

१. मोजणी. खर्च काहीच नाही, लागतात कागद आणि खडू

आपल्या घुमटात २६ सांधे आणि ६५ दांड्या असतात. सांध्याचा जो हात एक दांडी धरतो तो बाहू. सांध्यांपैकी ६ पाच बाहूंचे, १० सहा बाहूंचे आणि पायाकडचे १० चार बाहूंचे. बाहूंची बेरीज १३०, म्हणजे ६५ च्या बरोबर दुप्पट; ही बेरीज जुळली नाही तर एखादा बाहू मॉडेलमध्येच गळला आहे किंवा दुबार आला आहे. दांड्या दोनच लांबींच्या. केंद्रापासून केंद्रापर्यंत लहान दांडी त्रिज्येच्या ०.५४६५३ पट, म्हणजे ८१९.८ मिमी, अशा ३०. लांब दांडी ०.६१८०३ पट, म्हणजे ९२७ मिमी, अशा ३५.

अदलाबदल ओळखायची सोपी खूण आहे. पाच बाहूंच्या सांध्यात फक्त लहान दांड्या येतात आणि प्रत्येक लहान दांडीचं एक टोक पाच बाहूंच्या सांध्यातच असतं. पायाच्या कडेच्या दहाही दांड्या लांब. सहा बाहूंच्या सांध्यात समोरासमोर दोन लहान आणि उरलेल्या चार लांब. हा सांधा दिसायला एकसारखा असल्यामुळे एक घर फिरवून बसवला तरी चटकन लक्षात येत नाही, पण कोन चुकतात.

दीड मीटरच्या घुमटात दोन लांबींमधला फरक १०७ मिमी आहे, डोळ्यांना दिसतो. १५ सेंटीमीटर त्रिज्येचा दिवा करत असाल तर तोच फरक ११ मिमीहून कमी होतो. पातळ काडी वाकून बसते आणि चूक लपून राहते. म्हणून लहान कामातही प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांवर जवळच्या सांध्याचा क्रमांक लिहा. सांध्याच्या प्रत्येक बाहूवर पलीकडच्या सांध्याचा क्रमांक प्रिंटमध्येच कोरून घ्या. अक्षरं ५ मिमी उंच आणि ०.६ मिमी खोल असली की प्रिंटरच्या ०.४ मिमीच्या नोझलने (प्लास्टिक बाहेर पडतं त्या तोंडाने) वाचण्याइतकी उठतात. चिकटपट्टीवर लिहिलेले क्रमांक पावसाळी हवेत सुटतात.

२. जोडणीचा क्रम

सॉकेट आंधळं असेल, म्हणजे तळ बंद असेल, तर दोन पक्क्या सांध्यांच्या मधे दांडी सरळ घालताच येत नाही. प्रत्येक टोकाला ३० मिमी खोल सॉकेट असेल तर एक टोक पूर्ण आत घालूनही दुसरं टोक समोरच्या सॉकेटच्या तोंडाशी यायला दोन्ही सांधे ३० मिमी तरी लांब सरकायला हवेत. मोजमाप अचूक असलं तरी हे टळत नाही. दहा मिमी जास्त वाटणारी दांडी बहुतेकदा बरोबर लांबीचीच असते. तिला आत शिरायला वाट नसते.

यावर उपाय म्हणजे ६५ व्या दांडीपर्यंत एकही दांडी पक्की न करणं. डिंक नाही, स्क्रू नाही. प्रत्येक दांडी सॉकेटमध्ये अर्धीच घाला, कडं पुरं करा, मग दोघांनी समोरासमोर उभं राहून सगळ्या सांध्यांना थोडं थोडं आत दाबत जा. तळ गाठेपर्यंत दोन-तीन फेऱ्या लागतात. एका बाजूने सगळं दाबून मग दुसरीकडे गेलात तर पुन्हा तीच अडचण येईल. पहिल्याच कड्याला चिकटवून टाकणं ही नेहमी होणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे चांगले सांधे कापून काढावे लागतात.

पुढच्या वेळी बेततानाच वाट ठेवा. सगळे सांधे बदलायची गरज नाही. शेवटी बसणाऱ्या चार-पाच सांध्यांचे बाहू बाहेरच्या बाजूने उघड्या पन्हळीसारखे करा, दांडी वरून ठेवा आणि वरचं अर्धं झाकण एम३ किंवा एम४ च्या दोन बोल्टांनी आवळा.

३. व्हर्निअर पाइपवर लावा

‘अर्धा इंची पाइप’ या शब्दावर विसंबून किती तरी सांधे वाया जातात. दुकानात अर्धा इंची सीपीव्हीसी मागितला तर बाहेरचा व्यास १५.९ मिमी येतो. अर्धा इंची यूपीव्हीसी किंवा जीआय मागितला तर २१.३ मिमी. कंड्युट मात्र बाहेरच्या व्यासानेच ओळखला जातो, २० म्हणजे २० च्या आसपास. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी हे गणित यातल्या एकालाही लागू पडत नाही.

म्हणून आधी पाइप आणा, मग मॉडेल पक्कं करा. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळीतल्या बाजारातून एकाच वेळी, एकाच कंपनीचा, एकाच गठ्ठ्यातला घ्या. कंड्युट ३ मीटरच्या लांबीत मिळतो. आपल्या घुमटाच्या एका पाइपमधून तीन दांड्या निघतात, चार निघत नाहीत, तेव्हा २२ पाइप लागतात. दोन जास्तीचे घ्या. दहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा व्यास मोजा, कारण पाइप नेहमीच थोडा लंबगोल असतो. सगळ्यात मोठा आकडा धरा.

मग २० मिमी उंचीची चार कडी प्रिंट करा, आतला व्यास त्या आकड्यापेक्षा ०.२, ०.३, ०.४ आणि ०.५ मिमीने जास्त. जे कडं हाताने फिरवत बसतं आणि पाइप उलटा धरला तर गळून पडत नाही, तो तुमचा आकडा. फिलामेंटची (रिळावरची प्लास्टिकची तार वितळवणारी) साधी प्रिंटर यंत्रं भोकं मॉडेलपेक्षा थोडी लहान काढतात, आणि किती लहान ते यंत्रागणिक बदलतं. दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा उसना घेऊ नका.

लाकडी दांडी असेल तर मोजमाप जोडणीच्या दिवशीच करा. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ फुगत नाही. मेमध्ये सहज बसणारी दांडी ऑगस्टमध्ये सॉकेट फाडते. बांबू गोलही नसतो आणि दोन्ही टोकांना सारखाही नसतो. त्याला ठरावीक मापाचं सॉकेट न करता पट्टीने आवळायची पन्हळ करा.

४. कापाची लांबी आणि तळ

कापायची लांबी म्हणजे केंद्रांमधलं अंतर वजा दोन्ही टोकांची माघार. माघार म्हणजे सांध्याच्या केंद्रापासून सॉकेटच्या तळापर्यंतचं अंतर. आपल्या घुमटात ३० मिमी माघार धरली तर लहान दांडी ७६० मिमी आणि लांब ८६७ मिमी कापायची.

प्रत्येक तुकडा टेपने मोजून कापू नका. फळीवर एक ठोकळा ठोका, पाइपचं टोक त्याला टेकवा आणि ३० तुकडे त्याच ठोकळ्यावर काढा. सगळे तुकडे एक मिमीने चुकले तरी चालतं; काही जास्त आणि काही कमी झाले तर चालत नाही. कापाची बर, म्हणजे कडेला राहिलेली कुसं, चाकूने काढा. सॉकेटच्या तळाशी राहिलेला सपोर्टचा (प्रिंटरने आधाराला छापलेल्या प्लास्टिकचा) कचरा दोन मिमी सहज खातो, म्हणून सॉकेटच्या खोलीइतक्या अंतरावर दांडीवर पेनाने रेघ मारा. जोडल्यावर रेघ दिसत असेल तर दांडी तळाला गेलेली नाही. ही रेघ वाया गेली असं कधी होत नाही.

सगळ्या दांड्यांची माघार सारखीच चुकली तर काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. सगळ्या दांड्या एकाच लांबीच्या असतील तर सांगाडा फक्त थोडा मोठा किंवा लहान होतो, जुळतो मात्र नीट. आपल्या घुमटात प्रत्येक दांडी १० मिमीने लांब झाली तर दोन लांबींचं प्रमाण बिघडतं आणि प्रत्येक लांब दांडीमागे १.३ मिमीची ओढ पडते. सांधे ती पचवतात. पण मुक्त आकाराच्या सांगाड्यात, जिथे एक दांडी २०० मिमीची आणि दुसरी ९०० मिमीची आहे, तेच १० मिमी एकीकडे ५ टक्के होतात आणि दुसरीकडे सव्वा टक्काही होत नाहीत. तिथे आकार जुळणारच नाही. ‘घुमट जमला पण लाटेसारखं छत जमलं नाही’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेकदा हेच असतं.

५. सॉकेटची खोली आणि डगमग

सॉकेटमध्ये अर्धा मिमी मोकळीक आणि खोली २० मिमी असेल तर दांडी सुमारे १.४ अंश हलू शकते. ९०० मिमी लांबीच्या टोकाला तो फरक २२ मिमी होतो. खोली ४० मिमी केली की तोच फरक ११ मिमी. खोली पाइपच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. त्याहून कमी खोलीच्या सांध्याला कोन अचूक काढून उपयोग नाही, कारण दांडी तो कोन पाळतच नाही.

प्रिंट झालेले सांधे उथळ असतील तर सगळे फेकायची गरज नाही. दांडीच्या टोकाला कागदी मास्किंग टेपचा एक वेढा द्या, किंवा सगळं जुळवून झाल्यावर प्रत्येक बाहूत आडवा स्क्रू मारा. तरीही सांधा आत दबत असेल तर घुमट त्या जागी फार सपाट आहे. आपल्या घुमटात दांड्या सांध्याच्या स्पर्शप्रतलापासून १६ ते १८ अंश खाली झुकतात, हे चांगलं आहे. कडांचे भाग वाढवत गेलात की हा कोन उतरतो आणि सैल सॉकेटमधला सांधा टपकन आत उलटतो. मोठ्या घुमटात भाग वाढवण्याआधी जाड पाइपचा विचार करा.

६. प्रिंट

पहिल्यांदा माप बघा. प्रिंटसाठी द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. मीटरमध्ये काढलेली फाइल स्लायसरला (मॉडेलचे थर पाडणाऱ्या प्रोग्रामला) मिलिमीटर वाटते. हे लगेच दिसतं. दिसत नाही ती गोष्ट म्हणजे बेडवर, म्हणजे प्रिंटरच्या पाटावर, मावत नाही म्हणून कुणीतरी ९७ टक्क्यांवर आणलेला एखादा सांधा.

प्लास्टिक थंड होताना आकसतं त्याची फार चिंता नको. सगळीकडून सारखं आकसलं तर कोन बदलत नाहीत, भोक तेवढं लहान होतं आणि ते चाचणीच्या कड्यात आधीच धरलेलं आहे. कोन बिघडतो तो कोपरा बेडवरून उचलला गेल्यामुळे. बाहू एक अंश वाकला तर ९०० मिमीच्या टोकाला १६ मिमी फरक पडतो. संशय असेल तर त्या सांध्यात दोन दांड्या घालून त्यांच्या दूरच्या टोकांमधलं अंतर मोजा. लहान सांध्यावर कोनमापक लावण्यापेक्षा हे कितीतरी अचूक आहे.

बाहू मुळाशी तुटत असतील तर तुटलेला भाग पाहा. काप सपाट आणि गुळगुळीत असेल तर थर थरापासून सुटला आहे. असा सांधा बेडवर तिरका ठेवा, म्हणजे कोणताही बाहू सरळ उभा छापला जाणार नाही. इनफिल (आतला जाळीदार भराव) वाढवण्यापेक्षा भिंतीचे थर चार-पाच करा, आणि बाहूच्या मुळाशी ३ मिमीची गोलाई द्या. काप खरखरीत, बुडबुड्यांचा असेल तर फिलामेंटने पाणी प्यायलं आहे. जून ते सप्टेंबर मुंबईत उघडं ठेवलेलं रीळ लवकर ओलं होतं, नायलॉन सगळ्यात आधी. फिलामेंटच्या प्लास्टिकपैकी पीईटीजी ६५ अंशांवर चार ते सहा तास सुकवा, पीएलए ४५ ते ५० अंशांवर, त्याहून गरम नको.

पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बंद टेम्पोत, पत्र्याच्या छपराखाली किंवा हॅलोजनच्या शेजारी तेवढी उष्णता सहज होते, आणि सतत भार असेल तर त्याआधीच सांधा हळूहळू वाकतो. घरात, पंख्याखाली उभ्या राहणाऱ्या मखराला पीएलए चालेल. बाहेरच्या कामाला पीईटीजी, आणि ऊन थेट पडणार असेल तर एएसए.

७. मॉडेल आणि ते बेतणारी स्क्रिप्ट

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच मॉडेल उघडा. सर्वात अवघड तपासणी ही, आणि लोक सुरुवात नेमकी हिच्यापासून करतात.

आधी दुबार बिंदू. दोन रेषांची टोकं एकाच जागी दिसतात पण संगणकासाठी हजारांश मिमीने वेगळी असतात; मग एका सांध्याऐवजी दोन अर्धे सांधे तयार होतात. मॉडेल ग्रासहॉपर या प्रोग्राममध्ये असेल तर दुबार बिंदू गाळून घ्या, ब्लेंडरमध्ये असेल तर अंतराने विलीन करा, आणि मग बिंदू, कडा, फलक मोजा. उघड्या घुमटात बिंदू वजा कडा अधिक फलक बरोबर १ आलं पाहिजे: २६ − ६५ + ४० = १. बंद आकारात २. आकडा वेगळा आला तर पुढे जाऊ नका.

मग माघार. स्क्रिप्टमध्ये सगळ्या सांध्यांना एकच माघार दिलेली असते आणि जिथे दोन दांड्या चिंचोळ्या कोनात येतात तिथे पाइप एकमेकांत घुसतात. किमान माघार काढायची ती अशी: पाइपची त्रिज्या अधिक सॉकेटच्या भिंतीची जाडी, भागिले त्या दोन दांड्यांमधल्या निम्म्या कोनाचं टॅन. आपल्या पाइपची त्रिज्या १० आणि भिंत ४, म्हणजे १४. घुमटातला सर्वात लहान कोन सुमारे ५५.६ अंश, तेव्हा माघार २६.६ मिमी, म्हणून वर ३० धरली. कोन ३० अंश असता तर ५२ मिमी लागली असती, २० अंश असता तर ७९. सांध्यागणिक सर्वात लहान कोन शोधून माघार ठरवा आणि दांडीची लांबी तिच्या दोन्ही टोकांच्या वेगवेगळ्या माघारींवरून काढा. २० अंशांखालचा कोन आला तर सांधा फुगवत बसू नका, जाळीच बदला. एक बिंदू थोडा सरकवला तरी काम होतं.

तिसरं, आरशातला सांधा. घुमटाची उजवी बाजू डावीचं प्रतिबिंब असेल तर काही सांधे एकमेकांचे डावे-उजवे असतात. ते फिरवून एकमेकांसारखे होत नाहीत. ‘सारखेच दिसतात’ म्हणून एकच फाइल दोनदा छापली की तिथे हमखास अडतं.

आता तो डुलणारा पाया. सुटा सांगाडा सांध्यांच्या जोराशिवाय, फक्त दांड्यांवर ताठ राहायला बिंदूंच्या तिप्पट वजा ६ इतक्या दांड्या लागतात. २६ बिंदूंना ७२, आपल्याकडे ६५. सात कमी पडतात, आणि ती उणीव पायाच्या कड्यात दिसते. घुमट जमिनीला बांधला की ताठ होतो. पायाचे दहाही सांधे प्लायच्या कड्याला स्क्रूने आवळा. घनाच्या आकाराच्या चौकटीत ही उणीव आणखी ठळक आहे: ८ बिंदूंना १८ दांड्या लागतात, असतात १२. सहा बाजूंना सहा कर्ण घातल्याशिवाय ती उभी राहण्याची आशा फक्त सांध्यांच्या जोरावर असते, आणि प्रिंट केलेल्या सांध्यावर ती ठेवू नये.

इथे थांबा

सांगाड्याखाली माणसं उभी राहणार असतील, तो छताला टांगायचा असेल, किंवा त्यावर कापड ताणून मोकळ्यावर उभा करायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कागदाशिवाय पुढे जाऊ नका. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. उंची आणि परिसराचे गुणक न धरता त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. आपल्या घुमटाची समोरून दिसणारी सावली साडेतीन चौरस मीटरची आहे. प्रिंट केलेल्या सांध्यांसाठी हे गणित हाताने लावून ‘चालून जाईल’ म्हणणं चुकीचं आहे. रस्त्यावरच्या मंडपाला महापालिकेची परवानगी लागते, ती वेगळी.

ॲल्युमिनियमच्या पाइपवर दिव्यांच्या माळा सोडणार असाल तर अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. पावसात भिजलेला सगळा सांगाडा एकाच वायरसारखा वागतो.

एकाच जागचा सांधा दोनदा तुटला, तर तिसऱ्यांदा छापू नका. तिथे भार प्लास्टिकच्या आवाक्याबाहेर गेला आहे. फॅब्रिकेटरकडून तेवढा सांधा वेल्ड करून घ्या. जाताना सांध्याचा फक्त फोटो नेऊ नका. प्रत्येक बाहूची दिशा, माघार, पाइपचा मोजलेला व्यास आणि शेजारच्या सांध्यांचे क्रमांक लिहिलेला कागद न्या, सोबत प्रिंट केलेला एक न तुटलेला सांधा. वेल्डिंग करणाऱ्याला तो साच्यासारखा धरून पाइपचे तुकडे टॅक करता (ठिपक्याने तात्पुरते जोडता) येतात, आणि पुरा वेल्ड मारण्याआधी प्लास्टिकचा सांधा काढून घेता येतो.